समुद्रकांठचें रिकामें बिऱ्हाड

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यांत, बिद्री हें गांव लागतें. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. कारखान्याच्या एखाद्या सभासदाला ‘कारखाना कोणाचा?’ असें विचारलें तर तो क्षणाचाहि विलंब न लावतां ‘आमचा’ असें सांगेल. पण त्यांतील एखादें चाक किंवा एखादी वीट आपली म्हणून दाखवा, असें म्हटलें तर तो हंसेल. त्याच्या हातीं आहे तो एक भाग. कोणताहि कारखाना नीट चालला तर त्या भागाला मोल असतें. गाळप थांबलें, देणीं थकलीं, तर तोच कागद पेटींत पडून राहतो. सामाईक मालकी म्हणजे काय, हें ऊंसाच्या या मुलुखांत कोणास शिकवावें लागत नाहीं. नदीवरून पाणी उचलणाऱ्या संस्थांचाहि अनुभव हाच. पंप एक, नळ एक. पाणीपट्टी थकवणारे चार निघाले, कीं उरलेल्यांच्या उभ्या पिकावर संकट.

जपानांत समुद्रकांठच्या विलासगृहांचें जें झालें, तें समजून घेण्यास बिद्रीचा हा सभासद फार उपयोगी पडतो. त्या देशांत गेलीं कित्येक वर्षें जुन्या विश्रामगृहांतील खोल्यांच्या विक्रीच्या जाहिराती प्रसिद्ध होत असतात. सातव्या-आठव्या मजल्यावरची जागा, सज्जांतून दिसणारा समुद्र, तळमजल्यावर गरम झऱ्याच्या पाण्याचें सामाईक स्नानगृह, आणि किंमत पाहावी तर वाचणारा दोनदां डोळे चोळील. बर्फाच्या खेळांसाठीं प्रसिद्ध असलेल्या युझावा या डोंगरी गांवांत अशी जागा एक लाख येनलाहि विक्रीस लागलेली आहे. इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर कांहीं लाखांत मिळते. एक लाख येन म्हणजे साधारण साठ हजार रुपये. कोल्हापुरांत तेवढ्यांत जुनी फटफटी येते. भूकंपाच्या देशांत बांधलेली, लोखंडी सळयांची पक्की इमारत फटफटीच्या भावानें कां विकली जावी?

या कोड्याचें उत्तर घरबांधणीच्या इतिहासांत आहेच. पण त्याचा आरंभ मात्र वैद्यकांत आहे. क्षयावर औषध नव्हतें, तोंपर्यंत हवा हेंच औषध होतें. मिरजेजवळ वानलेसवाडीचें क्षयरुग्णालय, पांचगणीचे बंगले, देवळालीचीं आरोग्यभुवनें यांच्यामागें ही एकच समजूत उभी होती. रोगी नसलेल्या माणसासहि वर्षांतून एकदां हवापालट अवश्य, असें डॉक्टर सांगूं लागले आणि ऐपतदारांनीं दुसरें घर बांधण्यास आरंभ केला. देशावरच्या माणसाची हवा डोंगरावर होती. लोकमान्य टिळकांची विश्रांतीची जागा सिंहगडावर होती. कोल्हापूरकरांना पन्हाळा होताच. समुद्राकडे औषध म्हणून पाहण्याची दृष्टि आपल्याकडे उशिरां आली, आणि ती मुंबईच्या वाटेनें आली.

त्या वाटेवर एक मोठें नांव भेटतें तें जमशेटजी टाटांचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं जुहू येथें जमीन घेऊन बंगला बांधला. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. जुहू-ताऱ्याच्या सुमारें बाराशें एकरांत एकेक एकराचे पांचशें भूखंड पाडून तेथें समुद्रकांठची विश्रांतीची वसाहत उभारावी, अशी त्यांची योजना होती. याच टाटांचा जपानशीं निकट संबंध होता, हा योगायोग मौजेचा आहे. १८९३ सालीं ते जपानांत गेले. मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान जपानी आगबोटींची नियमित फेरी त्याच वर्षीं त्यांच्या प्रयत्नांनीं सुरू झाली. आणि योकोहामाहून व्हँकूव्हरला जातांना त्यांच्याच बोटीवर स्वामी विवेकानंद होते. पुढें १९०४ सालीं जर्मनींतील बाड नाउहाइम या स्नानतीर्थाच्या गांवीं टाटांचा अंत झाला आणि जुहूची योजना कागदावरच राहिली. तरीहि जुहूची हवा प्रसिद्ध झालीच. १९२४ सालीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होऊन तुरुंगांतून सुटलेले महात्मा गांधी प्रकृति सुधारण्यासाठीं राहिले, ते जुहूलाच, नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यांत.

जपानांत हीच कथा थोडी अगोदर आणि पुष्कळ अधिक पद्धतशीरपणें घडली. नागासाकीस डच डॉक्टरापाशीं शिकलेला मात्सुमोतो जुन हा जपानी सैन्याचा पहिला वैद्यकप्रमुख. त्यानें १८८५ सालीं ओइसो या मासेमारांच्या गांवीं समुद्रस्नानाचें ठिकाण सुरू केलें. पोहण्याची करमणूक हा त्याचा हेतु नव्हता. लाटांचा मार अंगावर घेणें हा उपचार होता. दोन वर्षांनीं, १८८७ सालीं, आगगाडी ओइसोपर्यंत आली आणि तिच्यामागून मंत्री, सरदार आणि सावकार आले. चार वेळां पंतप्रधान झालेल्या इतो हिरोबुमीनें तेथें घर बांधलें. दुसऱ्या महायुद्धानंतरचा पंतप्रधान योशिदा शिगेरू याचें वास्तव्यहि तेथेंच होतें. जवळच्या हायामा येथें १८९४ सालीं बादशाही विश्रामगृह उभें राहिलें, आणि १९२६ सालीं तैशो बादशहानें तेथेंच प्राण सोडला. शेजारच्या झुशीला तोकुतोमी रोका याच्या ‘होतोतोगिसू’ या कादंबरीनें घरोघर पोंचविलें. तिची क्षयग्रस्त नायिका नामिको झुशीच्याच किनाऱ्यावर हवापालटासाठीं येते. अतामीला तर गरम पाण्याचे झरेहि होते. सोळा वर्षें खपून आणि सदुसष्ट मजुरांचा बळी देऊन १९३४ सालीं तान्ना बोगदा पुरा झाला, आणि अतामी हें तोकियोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर आलें.

येथवर जीं घरें झालीं, तीं एकेका धन्याचीं होतीं. धनी बुडाला तर त्याचें घर विकलें जाई, ओस पडे किंवा पाडलें जाई. शेजाऱ्याच्या छपराला त्यानें भोंक पडत नसे. पुढें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षय औषधानें बरा होऊं लागला, आणि हवेचें औषधपण संपलें. उरली ती हौस. हौस सामान्य माणसाला परवडावी, तर एका जमिनीवर एकाचें घर हा हिशेब सोडून एकावर एक वीस घरें रचण्यावांचून गत्यंतर नव्हतें. घराच्या इतिहासांतलें खरें वळण तें हेंच.

जमिनीपासून पन्नास फूट वर, चार भिंतींमधली पोकळी विकत घेतां येते, ही कल्पना आज कोणास नवल वाटावी अशी राहिलेली नाहीं. पण कायद्याला ती पचवण्यास बराच काळ लागला. आपल्याकडे तिचा पहिला सुबोध पाठ मुंबईंत गांवदेवी येथें मिळाला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें तेथें १९१५ सालीं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. आशियांतील ती अशी पहिली संस्था मानली जाते. तिची रीत मोठी शहाणपणाची होती. इमारत आणि जमीन संस्थेची; सभासदाचा तींत भाग आणि राहण्याचा हक्क. म्हणजे बिद्रीच्या सभासदाचीच जात. ज्यांना तेथें संसार करावयाचा होता, त्यांनींच ती उभारली. म्हणून जिन्याची पायरी फुटली तर ती कोणाची, असा वाद फार लांबत नसे. ती रोज ज्यांच्या पायाखालीं येई, त्यांची ती.

दुसरा पाठ कडू होता. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठलीं. भाड्यानें देण्यासाठीं घर बांधण्यांत कोणास रस उरला नाहीं, आणि बांधणारा ब्लॉक विकूं लागला. पैसे घ्यावे, जागेचा ताबा द्यावा, आणि जमिनीचें खरेदीखत मात्र आपल्यापाशींच ठेवावें, हा प्रकार इतका माजला कीं १९६३ सालीं महाराष्ट्र सरकारास मालकीच्या ब्लॉकांसंबंधीं निराळा कायदा करावा लागला. बांधणाऱ्यानें घेणाऱ्यांची संस्था स्थापून जमीन व इमारत तिच्या नांवें करून द्यावी, असें त्यांत बजावलें आहे. पुढें १९७० च्या कायद्यानें आणखी एक मार्ग उघडला: संस्था इमारतीची मालक नाहीं, ज्याचा त्याचा ब्लॉक ज्याच्या त्याच्या मालकीचा, आणि जिना, गच्ची, पाया यांत सर्वांचा अविभाज्य वांटा.

जपाननें १९६२ सालीं जो कायदा केला, तो या दुसऱ्या जातीचा होता. तोंवर त्यांच्या दिवाणी कायद्यांत या विषयाला अवघें एक कलम पुरें होत असे. नव्या कायद्यानें खोली पूर्णपणें मालकाची झाली, आणि सामाईक भागांची निगा सर्व मालकांच्या मंडळाकडे आली. अशा घराला तेथें ‘मॅन्शन’ म्हणतात. इंग्लंडांत हा शब्द हवेलीला लावतात. तोकियोंत तो दोन खोल्यांच्या बिऱ्हाडालाहि लागतो. बांधकामवाल्यांची शब्दसंपत्ति सर्व देशांत सारखीच उदार दिसते.

समुद्रकांठीं या मॅन्शनांची पहिली लाट १९७० च्या सुमारास आली. १९६४ पासून अतिवेगाची शिन्कान्सेन गाडी अतामीला थांबूं लागली होती. १९७२ सालीं पंतप्रधान झालेल्या तानाका काकुएई यानें साऱ्या बेटांची पुनर्रचना करण्याची घोषणा केली, आणि जमिनीला सोन्याचे दिवस आले. झुशीला ताडाच्या रांगा लावून आणि नौकांसाठीं धक्का बांधून इमारतींची एक वसाहतच उभी राहिली. नोबेल पारितोषिक मिळविणारा कादंबरीकार कावाबाता यासुनारी यानें लेखनासाठीं तेथें एक जागा घेतली होती. १६ एप्रिल १९७२ रोजीं त्याचा अंत झाला तो त्याच जागेंत. त्याच्या ‘हिमप्रदेश’ या कादंबरीची पार्श्वभूमि असलेलें गांव म्हणजेच वर उल्लेखिलेलें युझावा. तेथें पुढें अशा सुमारें पंधरा हजार जागा बांधल्या गेल्या.

दुसरी लाट पहिलीहून कितीतरी मोठी होती. १९८७ सालीं जपानी सरकारनें विश्रामस्थळांच्या उभारणीस उत्तेजन देणारा कायदा केला. सत्तेचाळीस प्रांतांपैकीं एकेचाळीस प्रांतांनीं आपापल्या योजना मंजूर करून घेतल्या. म्हणजे देशांत जवळजवळ प्रत्येक प्रांत दुसऱ्या प्रांतांतील पाहुण्यांची वाट पाहत बसला. बँका कर्ज देण्यास उतावीळ होत्या. जागा घेणारांत राहणारे थोडे आणि ‘पुढील वर्षीं दुप्पट भावानें विकूं’ म्हणणारे पुष्कळ. १९८९ च्या अखेरीस शेअरबाजार शिखरावर पोंचला आणि तेथून जो कोसळला, तो जमिनीलाहि घेऊन कोसळला. मियाझाकीच्या किनाऱ्यावर, खरा समुद्र शेजारीं असतां, छपराखालीं कृत्रिम लाटांचें प्रचंड स्नानगृह १९९३ सालीं उघडलें. २००१ सालीं त्या संस्थेचें दिवाळें वाजलें आणि पुढें तें स्नानगृह पाडून टाकण्यांत आलें.

भाव पडले, एवढ्यानें गोष्ट संपली असती तर ती इतर अनेक मंदींसारखीच एक झाली असती. स्वस्त जागा कोणी तरी घेतोच. येथें मात्र किंमत शून्याकडे जाऊनहि गिऱ्हाईक येईना, कारण किंमत हा त्या व्यवहाराचा लहानसा भाग होता. उद्वाहक, सामाईक स्नानगृह, झऱ्याचें पाणी आणणारे नळ, रखवालदार यांचा खर्च दरमहा द्यावा लागतो. मोठ्या दुरुस्तीची पुंजी म्हणून निराळी वर्गणी असते. सरकारी कर असतो. समजा, जागा एक लाख येनला मिळाली आणि दरमहा वर्गणी वीस हजार येन आहे. पांच महिन्यांत वर्गणी किंमतीच्या बरोबरीला येते, आणि सहाव्या महिन्यापासून घेणारा मूळ किंमत विसरून जातो. अतामीनें तर १९७६ सालीं अशा दुसऱ्या घरांवर खास कर बसविला: प्रत्येक चौरस मीटरला वर्षास ६५० येन. पन्नास चौरस मीटरच्या जागेस ३२,५०० येन झाले. ज्यांचें मत गांवांत नाहीं पण ज्यांच्यासाठीं पाण्याचे नळ आणि कचऱ्याच्या गाड्या ठेवाव्या लागतात, त्यांच्याकडून वसूल करावें, हा नगरपालिकेचा हिशेब. तो अन्यायाचा म्हणतां येत नाहीं.

शिवाय समुद्र आहे. त्याच्या वाऱ्यांतलें मीठ सिमेंटांत झिरपत सळयांपर्यंत पोंचतें. सळई गंजते, गंजलेलें लोखंड फुगतें आणि वरचें काँक्रीट फोडतें. म्हणून दर बारा-पंधरा वर्षांनीं साऱ्या इमारतीभोंवतीं परांची बांधून दुरुस्ती करणें भाग पडतें. १ जून १९८१ रोजीं जपाननें भूकंपासंबंधींचे बांधकामाचे नियम कडक केले. पहिल्या लाटेंतील इमारती त्याआधींच्या, आणि त्यांचें मजबुतीकरण हा वेगळाच खर्च. हे निर्णय घ्यावयाचे कोणीं? मालकमंडळानें. मालक कोठें आहेत? कोणी तोकियोंत, कोणी वृद्धाश्रमांत, कोणी स्वर्गांत, आणि त्यांच्या वारसांना आपण वारस आहोंत याचा पत्ताच नाहीं. जो वर्गणी देतो, तो न देणाऱ्यांचाहि भार उचलतो. त्याला कंटाळून तोहि विक्रीची पाटी लावतो.

कायद्यानें येथें एक कडक तरतूद केलेली आहे. विकणाऱ्यानें वर्गणी थकविली असेल, तर मंडळाला ती घेणाऱ्याकडून मागतां येते. म्हणजे स्वस्त जागेबरोबर जुनें देणेंहि येतें. या तरतुदीस निष्ठुर म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती नसती तर प्रामाणिक शेजारी केव्हांच बुडाले असते. आणि जागा सोडून तरी देतां येते काय? तसेंहि नाहीं. वारसानें मिळालेली नको असलेली जमीन सरकारजमा करण्याची सोय जपाननें एप्रिल २०२३ पासून केली. पण जमिनीवर इमारत असेल तर ती सोय मिळत नाहीं, आणि मॅन्शनच्या खोलीखालीं इमारत नाहीं असें कसें होईल? त्याच वर्षाच्या शिरगणतींत त्या देशांत नव्वद लाख घरें, म्हणजे एकूण घरांच्या जवळजवळ चौदा टक्के, रिकामीं आढळलीं.

ही कथा ऐकून कोंकणी माणसास आपलें गांव आठवल्यावांचून राहणार नाहीं. चाकरमानी मुंबईस गेला आणि घराला कुलूप लागलें. घर चार भावांचें, सामाईक. गणपतीला तें उघडतें. एरव्हीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावयाची कोणीं आणि मजुरी द्यावयाची कोणीं, यावर पत्रें जातात-येतात. एका पावसाळ्यांत वाशाला पाणी लागतें, दुसऱ्यांत भिंत बसते. मात्र या मरणांत एक सौम्यपणा आहे. मातीची भिंत मातींत मिळते, चिरा शेजारचा नेतो, आणि जोत्यावर आंबा उगवतो. कोणास वर्गणी मागण्यास कोणी येत नाहीं. दहा मजल्यांच्या काँक्रीटला असें मरतां येत नाहीं. तें पाडावयाचें म्हटलें तरी मालकांचें बहुमत हवें आणि मोठी रक्कम हवी.

आतां तींच इमारतींचीं वारीं आपल्या किनाऱ्याकडे वळलीं आहेत. सिंधुदुर्ग हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. गोव्याच्या किनाऱ्यावर तर सुटीपुरते राहण्याच्या जागांचा व्यापार त्याआधींच रुजला होता. भरतीच्या रेषेपासून पांचशें मीटरच्या पट्ट्यांतील बांधकामाला १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें वेसण घातली, आणि २०१७ पासून महाराष्ट्रांत स्थावर संपदा प्राधिकरण बांधणाऱ्याच्या वचनांवर लक्ष ठेवूं लागलें. हे दोन्ही उपाय चांगलेच आहेत. परंतु पहिला समुद्राचें रक्षण करतो आणि दुसरा मुख्यतः बांधून होईपर्यंतच्या काळाचें. तीस वर्षांनीं, कोंकणच्या पावसानें आणि खाऱ्या वाऱ्यानें सळई उघडी पडल्यावर, निम्मे मालक पुण्यास आणि निम्मे परदेशीं असतांना परांची कोणाच्या पैशानें बांधावयाची, हा प्रश्न कोणत्याहि सरकारी कचेरींत सुटत नाहीं. तो मालकांच्या सभेंतच सुटतो किंवा कुजतो.

गांवदेवीच्या संस्थेंत तो सुटला, कारण तेथले सभासद तेथेंच राहत होते. साखर कारखान्याच्या सभासदाचाहि ऊंस दरसाल त्याच गव्हाणींत पडावयाचा असतो, म्हणून तो वार्षिक सभेला येतो, अहवाल उघडतो, घसाऱ्याचा आंकडा कां वाढला आणि दुरुस्तीचा निधि कोठें ठेवला आहे, असें उभें राहून विचारतो, आणि उत्तर पटलें नाहीं तर खालीं बसत नाहीं. तोच सभासद मुलाच्या आग्रहाखातर फोंडा घाट उतरून मालवणकडे दोन खोल्या पाहण्यास जातो. तेथें मात्र तो सज्जांत उभा राहतो आणि समुद्र किती दिसतो, एवढेंच पाहतो.